विनोदिनीचे नवे ब्रेक

विनोदिनी पोतनीसला वेग आवडतो, हे तिच्या सासरी सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ते कुणी बोलून दाखवत नसे. पोतनिसांचे पूर्वज शिंद्यांच्या खजिन्याची राखण करायला उज्जैनला आले, आणि तेव्हापासून त्या घरात कुलूप लावलं की एकदा ओढून बघायची रीत पडली. तिचे यजमान गोपाळकृष्ण, म्हणजे गोपाळराव, तर पाणीपुरवठा खात्यात इंजिनीअर. सारी नोकरी पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळण्यात गेलेली. रिटायर झाल्यावरही घरातला नळ बंद केला की बोटाने चाचपून बघणारा माणूस.

विनोदिनी मात्र भुसावळहून आलेल्या रेल्वे गार्डाची मुलगी. बँकेत लागली तेव्हा पहिली नेमणूक तराण्याच्या शाखेत झाली. तिथल्या जीपचा ड्रायव्हर महिन्यातून अर्धा वेळ आजारी. एक दिवस तिने मॅनेजरला विचारलं, "सर, मैं चला लूँ?" त्यांनी चेष्टा समजून किल्ली दिली, आणि परत मागायची त्यांची कधी हिंमत झाली नाही. कच्च्या रस्त्यावर जीप कुठे घसरते, कुठे धरते, हे तिला पायाच्या तळव्यातून कळायचं. पुढे बदल्या झाल्या, अपूर्व झाला, तो शिकून पुण्याला गेला, आणि ती उज्जैनमधल्याच फ्रीगंजच्या शाखेत येऊन स्थिरावली. पोरगा नोकरीला लागला तेव्हा तिने स्वतःसाठी एक छोटी टर्बो पेट्रोल गाडी घेतली. राखाडी रंगाची, शेजारच्या चार गाड्यांसारखीच दिसणारी. बँक, भाजी, कधी महाकालला पाहुण्यांना सोडणं, एवढंच त्या गाडीचं जग.

मग एका हिवाळ्यात बँकेतल्या एका सहकाऱ्याबरोबर ती देवास रोडच्या पुढे एका मैदानावर गेली. इंदूरच्या कुठल्याशा हौशी क्लबने तिथे गाड्यांची स्पर्धा भरवली होती. प्लास्टिकचे शंकू मांडून वळणावळणाची वाट आखलेली, त्यातून एकेकट्याने गाडी काढायची आणि कमीत कमी वेळ घ्यायचा. रोजच्या वापरातल्या छोट्या गाड्यांचा वेगळा गट होता. विनोदिनी दोरीला धरून दुपारभर उभी राहिली. घरी आली ती गप्पच होती. गोपाळरावांनी विचारलं, "डोकं दुखतंय का?" ती म्हणाली, "नाही हो."

वर्षभराने पुन्हा ती स्पर्धा जाहीर झाली आणि तिने नाव दिलं. ते तिने गोपाळरावांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "मैदानावर आहे ना? रस्त्यावर नाही ना? मग बघ बाई तुझं तू." एवढी परवानगी मिळेल असं तिला वाटलंच नव्हतं.

नंतरचं तिने सांगितलं नाही.

मक्सी रोडवर सुमीत शितोळेचं गॅरेज होतं. सुमीत अपूर्वचा शाळेतला मित्र, आता चांगला तिशीतला, गाड्यांच्या बाबतीत अगदी दीवाना. विनोदिनीने त्याला विचारलं, "हे बघ, ही माझी रोजची गाडी आहे. सगळं काही करायचं नाही. पहिल्यांदा काय बदलू?"

"काकू, पहिलं आणि शेवटचं, दोन्ही एकच," सुमीत म्हणाला. "रिमॅप. तुमच्या इंजिनाला कंपनीनं बांधून ठेवलंय. आतलं सॉफ्टवेअर बदललं की टर्बो असा जोर मारेल ना, मजा आ जाएगा."

"आणि टायर? ब्रेक?" तिने बरंच वाचलं होतं, व्हिडिओ पाहिले होते. सगळीकडे जाणते लोक टायरपासून सुरुवात करा म्हणत होते.

"ते बघू ना स्पर्धेच्या आधी. आधी फील तर घ्या."

तिने फील घेतला. सुमीतने लॅपटॉप लावला, काम झालं, आणि ती गाडी घेऊन रिंग रोडला गेली. ॲक्सिलरेटरवर नुसता पाय टेकला तर पाठ सीटला चिकटली. विनोदिनी एकटीच मोठ्याने हसली. टायरचा विचार त्या हसण्यात कुठल्या कुठे उडाला.

त्यानंतरच्या रविवारी बडवाहला गोपाळरावांच्या चुलतभावाकडे मुंज होती. दोघंच निघाले. इंदूरचा बायपास ओलांडेपर्यंत गोपाळराव खिडकीबाहेर बघत होते. मग एका ट्रकला ओव्हरटेक करताना त्यांनी दाराचं हँडल धरलं.

"आज गाडीला काय झालंय? अंगात आल्यासारखी पळतेय."

"सर्व्हिसिंग केलंय ना," विनोदिनी म्हणाली. खोटं इतक्या सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. आता सांगावं, सिमरोळ येईपर्यंत सांगून टाकावं, असं ती मनाशी म्हणत राहिली. सिमरोळ मागे पडलं.

पुढे भेरूघाट लागला. उतार, एकामागून एक वळणं, रस्ता रुंद करण्याचं काम चाललेलं म्हणून कडेला खडी आणि मुरमाचे ढीग. दोन वळणांमध्ये जरा सरळ रस्ता दिसला की ती गाडी सोडायची, वळण आलं की ब्रेक दाबायची. पुन्हा सोडायची, पुन्हा दाबायची. गोपाळराव म्हणाले, "विनू, हळू." ती म्हणाली, "हो हो." तिच्या अंगात तराण्याची जीप शिरली होती.

आधी वास आला. करपल्यासारखा, कापड जळल्यासारखा. तिला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. पुढच्या वळणावर ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. त्याच्या पुढच्या वळणावर आणखी खाली. आणि मग सरळ उतारावर, समोर फरशीच्या लाद्यांनी लादलेला ट्रक मुंगीच्या पावलाने उतरत असताना, तिने पेडल दाबलं आणि पाय ओल्या कणकेत रुतावा तसा थेट तळाला गेला. गाडीला काही फरकच पडला नाही.

क्षणभर तिचा विश्वास बसेना. तिने पाय उचलून पुन्हा दाबलं. तेच.

उजवीकडून खालून प्रवाशांनी भरलेली बस वर येत होती. ट्रकच्या मागच्या फळीवर रंगवलेले दोन मोर तिला स्पष्ट दिसू लागले.

"अहो, घट्ट धरा," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हताच.

गोपाळरावांनी दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकले.

तिने गिअर एकदम दुसऱ्यावर ओढला. इंजिनाने किंकाळी फोडली, गाडीने मान खाली घातली. पेडल ती पंपासारखं दाबत राहिली, दाब, सोड, दाब, सोड; कुठेतरी तळाशी थोडासा जीव लागला आणि पुन्हा गेला. डाव्या हाताने हँडब्रेक थोडा थोडा वर घेतला, एकदम ओढला तर गाडी फिरेल हे तिला आतून कळत होतं. मोर मोठे होत होते. डावीकडे मुरमाचा एक लांबट ढीग आला. त्याच्या पलीकडे दुसरा नव्हता, नुसता कठडा होता. तिने स्टिअरिंग डावीकडे घेतलं.

गाडी ढिगावर चढली, खालून खडखडाट झाला, तोंड वर उचललं गेलं, आणि ती तिरकी होऊन थांबली. धुळीने काच पांढरी झाली. ट्रक आपल्याच चालीने उतरत गेला. बस हॉर्न वाजवत वर निघून गेली. कुणाला काही कळलंच नाही.

गोपाळरावांचा चष्मा पायाशी पडला होता. कपाळावर एक लाल रेघ उठली होती. विनोदिनीने त्यांच्याकडे हात नेला, तर त्यांनी तो धरून ठेवला. पुढच्या चाकांतून निळसर धूर येत होता.

उतरून दगडावर बसल्यावर, पाणी पिऊन झाल्यावर, गोपाळरावांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "गाडीत काय बदललंयस?"

तिने सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बॅगा काढ. बसने जाऊ. मुंजीला उशीर होईल."

मुंजीत सगळ्यांनी विचारलं, गाडी कुठे? गोपाळराव प्रत्येकाला सांगत होते, "रस्त्यात बिघडली. मशीनच ती, बिघडायचीच." कपाळाच्या रेघेबद्दल म्हणाले, "दार लागलं." विनोदिनी पंगतीत बसली, पण पानातलं तसंच ठेवून उठली. लोकांसमोर त्यांनी तिला सांभाळून घेतलं होतं, पण तिच्याकडे बघत नव्हते.

सुमीतने गाडी उज्जैनला आणून उघडली. दुसऱ्या दिवशी बँक सुटल्यावर विनोदिनी गॅरेजमध्ये गेली तर तो मान खाली घालूनच उभा होता. ब्रेकच्या नळीतलं तेल काळं पडलं होतं. गाडी घेतल्यापासून ते कुणी बदललंच नव्हतं. त्यात ओल धरली होती आणि घाटात ते उकळलं. ब्रेकचे पॅड काचेसारखे गुळगुळीत होऊन गेले होते. "काकू, इंजिनाचा जोर वाढवला आणि हे उघडूनसुद्धा बघितलं नाही मी. माझी गलती आहे."

"गाडी तू चालवत नव्हतास," विनोदिनी म्हणाली. "जुनं सॉफ्टवेअर परत टाक. आणि स्पर्धेतून नाव काढतेय मी."

पुण्याहून अपूर्वचा फोन आला. त्याला सुमीतकडून कळलं होतं. "आई, ती गाडी विकून टाक. या वयात हे काय? बाबांना काही झालं असतं तर?" तिलाही तेच वाटत होतं, वय सोडून. गाडी दुरुस्त होऊन दारात आली तरी ती ऑटोने बँकेत जाऊ लागली. घरात बोलणं चालू होतं, पण सगळं कामापुरतं. दूध आलं का. गॅस लावला का. पाठ टेकली आणि डोळे मिटले की तिला ते दोन मोर दिसायचे. पाय आपोआप गादीत दाबला जायचा.

असं काही दिवस चाललं. एका शनिवारी संध्याकाळी बँकेतून परतताना ऑटो मक्सी रोडने गेली, आणि सुमीतच्या गॅरेजसमोर तिला गोपाळरावांची स्कूटर दिसली. भांडायला आले असणार. तिने ऑटो थांबवली.

गोपाळराव स्टुलावर बसून तो जळका पॅड उलटसुलट करून बघत होते. समोर सुमीत, शाळेत उभा केल्यासारखा.

"पंप मोठा बसवायचा आणि व्हॉल्व्ह जुनाच ठेवायचा," गोपाळराव म्हणत होते, "माझ्या हाताखालच्या माणसाने असं केलं असतं तर मी त्याला साइटवर उभं केलं नसतं."

"जी काका."

"अहो, चला घरी," विनोदिनी म्हणाली. "त्याला कशाला बोलता? मी नाव काढतेय. सांगितलंय मी त्याला."

"काढू नकोस."

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

गोपाळरावांनी पॅड खाली ठेवला. "तू नाव काढशील, पण मनातून काढणार नाहीस. पस्तीस वर्षं बघतोय तुला. पुढच्या वर्षी परत काहीतरी करशील, आणि मला सांगणार नाहीस. विनू, मला घाटाची भीती वाटली, खोटं कशाला बोलू, छातीत धडधड अजून थांबलेली नाही. पण तू 'सर्व्हिसिंग केलंय' म्हणालीस ना, त्याची जास्त वाटली."

सुमीत उगाचच आत जाऊन काहीतरी शोधू लागला. विनोदिनीला रडू आलं नाही. तिने दुसरं स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसली. मग म्हणाली, "चुकलं माझं."

"हं," ते म्हणाले. "आता बोल. आधी काय करायला हवं होतं?"

"टायर आणि ब्रेक. मला माहीत होतं हो. वाचलं होतं मी."

"मग ते कर. माझ्यासमोर."

सुमीत बाहेर आला. आता तो प्रत्येक गोष्ट समजावून सांगत होता आणि गोपाळराव शंका काढत होते. उष्णता जास्त सोसणारं ब्रेकचं तेल. पुढच्या चाकांना चांगले पॅड. त्याच मापाचे, पण रस्ता घट्ट धरणारे टायर.

"मायलेज थोडं जाईल काकू, आणि टायर लवकर झिजतील."

"झिजू दे."

"स्प्रिंगा बदलून गाडी जरा खाली बसवू का? वळणावर झुकणार नाही, आणि दिसते पण एकदम भारी."

"आमच्या कॉलनीच्या गतिरोधकावर पोट घासेल. नको. इंजिनाला हात लावायचा नाही, सायलेन्सरला नाही. एवढंच कर, आणि नीट कर."

काम झालं. पण गाडीचं झालं, तिचं झालं नव्हतं. नवे पॅड बसायला मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवून पुन्हा पुन्हा ब्रेक मारावे लागतात, असं सुमीतने सांगितलं होतं. सकाळी दोघं शहराबाहेर एका रिकाम्या रस्त्यावर गेले. विनोदिनीने गाडी काढली, आणि तिचा पाय ॲक्सिलरेटरवर पुढे जाईना. मागून सायकलवाला पुढे निघून गेला.

"काय झालं?"

"पेडल खाली गेलं तर?"

गोपाळराव म्हणाले, "आत्ता दाबून बघ. उभ्या गाडीत." तिने दाबलं. पेडल दगडासारखं घट्ट होतं. "आता जरा चालव आणि दाब." तिने चालवलं, दाबलं. गाडी थांबली. "पुन्हा." त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, एक हात दाराच्या हँडलवर होता, पण ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "पुन्हा." शेवटी एकदा तिने जीव मुठीत धरून गाडी पळवली आणि पूर्ण ताकदीने ब्रेक मारला. पट्टा छातीत रुतला, गोपाळराव पुढे झुकून मागे आदळले, आणि गाडी सरळ रेषेत, न हलता, उभी राहिली. करपल्याचा थोडा वास आला. तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"नव्या पॅडचा आहे," गोपाळराव म्हणाले. "सुमीत म्हणाला होता येईल म्हणून." आणि मग, घाम पुसत, "पुन्हा."

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर ऊन कडक होतं. तिच्या गटात बहुतेक सगळी पोरंच, एकाने तिला आदराने विचारलं, "आंटी, भैया की गाड़ी है?" ती म्हणाली, "मेरी है." हेल्मेट घातल्यावर तिला स्वतःच्याच श्वासाचा आवाज येऊ लागला. गोपाळराव दोरीपलीकडे छत्री धरून उभे होते.

झेंडा पडला. दोनपैकी पहिल्या फेरीत तिला काहीच जमलं नाही. प्रत्येक शंकू दिसला की तिचा पाय फार आधी ब्रेकवर जायचा. गाडी वळणाच्या अलीकडेच रेंगाळायची, मग तिला पुन्हा उचलावी लागायची. बाहेर आली तेव्हा वेळेत ती शेवटून दुसरी होती. ती गाडीतून उतरलीच नाही. दोन्ही हात मांड्यांवर दाबून बसून राहिली. नाव मागे घ्यावं, तब्येत बरी नाही म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं.

दुसऱ्या फेरीला नाव पुकारलं तेव्हा ती निघाली, कारण रांगेत तिच्या मागे गाडी होती आणि मागे वळायला जागा नव्हती.

पहिलं वळण. ब्रेकवर जाऊ बघणारा पाय तिने धरून ठेवला. अजून, अजून, आता. पेडल घट्ट. गाडीचं नाक दबलं, टायरांनी जमीन पकडली आणि तोंड हवं तिकडे वळलं. दुसरं वळण. तिसऱ्यावर मागचा भाग किंचित सुटला. तळव्याला कळलं, हातांनी परतवलं, डोक्यापर्यंत काही पोचायच्या आतच. त्यानंतर तिला कशाची आठवण झाली नाही. शेवटच्या लांब वळणावर बाहेरच्या बाजूला काहीतरी टक् वाजलं, आणि ती रेषा ओलांडून ब्रेक मारून उभी राहिली.

वेळ गटातली तिसरी होती. पण बाहेरचा शंकू त्याच्याभोवतीच्या खडूच्या रेघेबाहेर सरकला होता. पंचांनी दंडाची सेकंदं जोडली आणि तिचं नाव पुन्हा खाली घसरलं.

विनोदिनी हेल्मेट काढून उभी राहिली. घामाने केस कपाळाला चिकटलेले. तिला त्या दंडाचं काही वाटत नव्हतं. पोटातून एक मोकळं हसू येत होतं, आणि ते कुणाला दाखवावं म्हणून ती गोपाळरावांना शोधू लागली.

ते दोरीखालून वाकून आत आले होते आणि पंचाशी हुज्जत घालत होते. छत्री त्याच्यावर रोखलेली. जन्मात कधी भाजीवाल्याशी घासाघीस न केलेला माणूस तार सप्तकात म्हणत होता, "अरे भाईसाहब, हिला है, गिरा नहीं है! मैंने अपनी आँखों से देखा! आपका नियम क्या कहता है, हिलने का या गिरने का?"

"अंकल, लाइन से बाहर गया तो पेनल्टी है."

"कौनसी लाइन? दिखाइए! चलिए, दिखाइए मुझे!"

"अहो," विनोदिनीने त्यांचा दंड धरला, "जाऊ द्या. गेला शंकू. लागला माझ्या गाडीचा."

"तू थांब. काय म्हणून जाऊ द्या? खडूची रेघच पुसली गेलीय यांची!"

तिने त्यांना जवळजवळ ओढतच गाडीपाशी आणलं. बसल्यावरही त्यांची पुटपुट चालूच होती. मैदानाच्या फाटकातून गाडी बाहेर पडली. देवास रोडला लागताना विनोदिनी थांबली. एकामागून एक ट्रक जात होते, ते सगळे जाऊ दिले, आणि मग सावकाश उज्जैनच्या दिशेने वळली. इतक्या सावकाश की मागून दुचाक्या पुढे जाऊ लागल्या.

गोपाळरावांनी छत्री मागच्या सीटवर टाकली. पुढचा रस्ता पाहिला, आरशात मागचा पाहिला.

"जरा पळव ना," ते म्हणाले. "रस्ता मोकळा आहे."